‘नंतर बघू’ म्हणून ठेवलेले कागद

टपालाने आलेली पाकिटे, बिले, पावत्या, जुनी पत्रे... प्रत्येक घरात कागदांचा एक ढीग असतोच. तो आवरायचा कसा? ठेवायचे काय आणि टाकायचे काय? चेन्नईतील वेलचेरीला पुराच्या पाण्याने शिकवलेला हा धडा आपल्या सर्वांच्याच उपयोगाचा आहे.

डिसेंबर २०१५ चा पहिला दिवस. चेन्नई आणि आसपासच्या भागात पावसाने थैमान घातले होते. तांबरमला २४ तासांत तब्बल ४९ सेंटीमीटर पाऊस कोसळला. शहराच्या दक्षिणेला, पळ्ळिकरणैच्या दलदलीला लागून वसलेली वेलचेरी ही मुळातच सखल वस्ती. एके काळी पाणी ज्या जागी विसावत असे, तिथे आता घरे आणि इमारती उभ्या आहेत. पाणी जुन्या वाटेने आले आणि सरळ घरांत शिरले. रामनगर, विजयनगर, ए.जी.एस. कॉलनी या भागांतून लोकांना बोटींनी बाहेर काढावे लागले. दुसऱ्या दिवशी कामगार छापखान्यापर्यंत पोहोचू न शकल्याने ‘द हिंदू’ हे १८७८ पासूनचे दैनिक चेन्नईत छापलेच गेले नाही.

अशा वेळी घर सोडताना माणूस काय उचलतो? लहान मुले, म्हाताऱ्यांची औषधे, अंगावरचे दागिने, फोन. मग आठवण होते ती कागदांची. घराचे खरेदीखत, मुलांच्या गुणपत्रिका, विम्याची पॉलिसी, पासपोर्ट... पण ते नेमके आहेत कुठे? कपाटातल्या फाईलमध्ये, की पलंगाखालच्या बॅगेत? की दूरदर्शन संचाखालच्या खणात, विजेची बिले, लग्नपत्रिका आणि सेलच्या जाहिराती यांच्याबरोबर? पाणी गुडघ्याला लागलेले असताना हा शोध घेता येत नाही.

पाणी ओसरल्यावर सरकारने मदतीचा हात पुढे केला. डिसेंबरच्या मध्यापासून दोन आठवडे तामिळनाडू सरकारने खास शिबिरे भरवली. जमिनीचे पट्टे, शैक्षणिक प्रमाणपत्रे, गॅसची पुस्तके, बँकेची पासबुके यांच्या दुय्यम प्रतींसाठी लोकांना तिथे अर्ज करता आले. पुरात खराब झालेले किंवा हरवलेले पासपोर्ट विनाशुल्क बदलून देण्याची घोषणा परराष्ट्र खात्याने केली. हे सारे चांगलेच झाले. परंतु शिबिराच्या रांगेत उभे राहिल्यावर पहिला प्रश्न येतो तो क्रमांकाचा. पॉलिसीचा नंबर काय? खरेदीखताची नोंदणी कोणत्या वर्षी, कोणत्या कार्यालयात झाली? ज्याच्याजवळ याची एका पानाची यादी असते त्याचे काम सोपे होते. बाकीच्यांच्या वाट्याला खेटे येतात.

डिसेंबर २०२३ मध्ये मिचाँग चक्रीवादळाच्या वेळी वेलचेरीत पुन्हा पाणी भरले. म्हणजे हे एकदाच आलेले संकट नव्हे. आणि पूर तरी फक्त चेन्नईतच येतो का? २६ जुलै २००५ ची मुंबई, २०१९ आणि २०२१ मधील सांगली-कोल्हापूर आपण कसे विसरू? शिवाय पाणी नाही आले तरी वाळवी आहे, कसर आहे, घर बदलताना होणारी उलथापालथ आहे. मोलाचे चार कागद बिनमोलाच्या चारशे कागदांखाली दडलेले असतील, तर पूर न येताही ते हरवलेलेच असतात.

ढीग साचतो कसा?

वेलचेरी आज नोकरदारांची वस्ती आहे. जवळच माहिती तंत्रज्ञानाच्या कंपन्या, २००७ पासून दाराशी आलेली रेल्वे, त्यामुळे देशभरातून आलेली कुटुंबे इथे भाड्याने राहतात. त्यांत पुण्या-नागपूरकडची मराठी कुटुंबेही आहेत. दोन-तीन वर्षांनी घर बदलायचे, आणि प्रत्येक वेळी न उघडलेली खोकी तशीच पुढच्या घरात न्यायची! जुन्या भाडेकरूंचे टपाल आपल्या दाराशी येते, आपले टपाल आपल्या मागच्या पत्त्यावर जाते.

पूर्वीच्या मराठी घरात याची एक पद्धत होती. भिंतीवर किंवा खुंटीला एक वाकवलेली तार टांगलेली असे. आलेले पत्र वाचून झाले, उत्तर लिहून झाले, की ते त्या तारेत ओवले जाई. मृत्यूची वार्ता आणणारे पत्र मात्र घरात ठेवत नसत. वाचून लगेच फाडून टाकत. जमीनजुमल्याचे, देण्याघेण्याचे कागद वेगळे. ते रुमालात बांधून दप्तरात जात, आणि दप्तर घरातील कर्त्या माणसाच्या ताब्यात असे.

म्हणजे कागदाला तीनच वाटा होत्या. फाडायचा, तारेला लावायचा किंवा दप्तरात बांधायचा. आजच्या घरात चौथी वाट तयार झाली आहे, आणि तिचे नाव आहे ‘नंतर बघू’. फ्रीजवर, शोकेसमध्ये, जेवणाच्या टेबलाच्या कडेला जो ढीग दिसतो तो सगळा याच वाटेने आलेला असतो. ढीग आवरायचा म्हणजे ही चौथी वाट बंद करायची.

रोजची दहा मिनिटे

टपाल दारातच उघडा. जाहिरात, रिकामे पाकीट, मुदत संपलेले पत्रक तिथल्या तिथे रद्दीत टाका. ज्याचे काही करायचे आहे ते बिल, नोटीस, निमंत्रण एकाच क्लिपला किंवा तारेला लावा. आठवड्यातून एक संध्याकाळ ठरवून ती तार रिकामी करा. जपायचे कागद मात्र त्याच दिवशी फाईलमध्ये गेले पाहिजेत.

सही करून घ्यावे लागणारे पाकीट कधीही न उघडता ठेवू नका. २०२५ पासून टपाल खात्याची वेगळी ‘रजिस्टर’ सेवा राहिलेली नाही, ती स्पीड पोस्टमध्ये विलीन झाली आहे. तेव्हा पूर्वी ‘रजिस्टर आलंय’ म्हटले की घरात जी तत्परता दिसे, ती आता स्पीड पोस्टच्या पाकिटाला दाखवली पाहिजे. नोटीस घेण्याचे टाळले म्हणजे आपण सुटलो, असा समजही चुकीचा आहे. योग्य पत्त्यावर पाठवलेली आणि मुद्दाम नाकारलेली नोटीस कायद्याच्या दृष्टीने बहुधा मिळाल्यासारखीच धरली जाते.

आधीच्या भाडेकरूचे टपाल आले तर ते उघडू नका, रद्दीतही घालू नका. ‘या पत्त्यावर राहत नाहीत’ असे पाकिटावर लिहून पोस्टमनला परत द्या. त्यात कुणाची परीक्षा, कुणाचा विमा असू शकतो. आपणही घर बदलताना जुन्या भागातील पोस्टात नवा पत्ता लेखी कळवा आणि बँक, विमा, गॅस, आधार या ठिकाणचे पत्ते बदलून घ्या.

पत्ता बदलण्याचा आळस महागात पडतो. बँकेत दहा वर्षे हात न लावलेली ठेव रिझर्व्ह बँकेच्या निधीत जमा होते. सात वर्षे न घेतलेला लाभांश, आणि त्यामागोमाग ते शेअरसुद्धा, सरकारच्या गुंतवणूकदार संरक्षण निधीकडे जातात. हे पैसे बुडत नाहीत, मागता येतात. निरनिराळ्या बँकांतील अशा ठेवी एकाच ठिकाणी शोधण्यासाठी रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ मध्ये ‘उद्गम’ हे संकेतस्थळ सुरू केले. मात्र वडिलांचे खाते कोणत्या गावी होते, हेच माहीत नसेल तर शोध कुठून सुरू करणार? ट्रंकेच्या तळाशी सापडलेले एखादे पिवळे पासबुक अशा वेळी सोन्याच्या मोलाचे ठरते. जुने कागदी शेअर सापडले तर तेही फेकू नका. १ एप्रिल २०१९ पासून ते विकण्यासाठी आधी डिमॅट करून घ्यावे लागतात, एवढेच.

काय ठेवावे, किती दिवस?

कागदांचे चार गट करा.

पहिला गट जन्मभर जपण्याचा. जन्म, मृत्यू आणि विवाहाचे दाखले, शाळा सोडल्याचा दाखला, पदवी, जातीचा दाखला, मृत्युपत्र, घर-जमिनीची मूळ खरेदीखते या गटात येतात. महाराष्ट्रातील मालमत्तेचे इंडेक्स टू आणि सोसायटीचे भागपत्र, तामिळनाडूतील घराचा पट्टा आणि बोजाचा दाखलाही यांतच ठेवा. आजोबांचा शाळेचा दाखला ‘आता काय कामाचा?’ म्हणून टाकू नका. महाराष्ट्रात जात पडताळणीच्या वेळी पूर्वजांच्या नोंदी लागतात. इतर मागासवर्गासाठी तर १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागतात. २०२३ मध्ये न्यायमूर्ती शिंदे समितीच्या कामामुळे कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा मोडीतील जुनी दप्तरे पुन्हा उघडली गेली, हे अनेकांना आठवत असेल.

दुसरा गट, व्यवहार संपेपर्यंत ठेवण्याचा. विमा पॉलिसी, ठेवीच्या पावत्या, कर्जाचे कागद, भाडेकरार, गॅसच्या अनामतीची पावती, वस्तूंची हमीपत्रे. कर्ज फिटले की बँकेकडून ‘काही देणे नाही’ असे पत्र आणि मूळ कागद परत घ्या, आणि ते पत्र पहिल्या गटात टाका. घराची दुरुस्ती, वाढीव बांधकाम यांची बिले घर विकेपर्यंत ठेवावीत. विक्रीवरील कर काढताना हा खर्च हिशेबात धरता येतो.

तिसरा गट काही वर्षांचा. आयकर विवरणपत्रे, त्यांच्या आधाराचे कागद आणि बँकेचे उतारे आठ वर्षे ठेवले तर चिंता उरत नाही. मोठ्या आजारांचे अहवाल, शस्त्रक्रियेचे कागद, मुलांचे लसीकरणाचे कार्ड मात्र कधीच टाकू नये.

चौथा गट लवकर निरोप देण्याचा. वीज, फोन, केबल यांची बिले पुढचे बिल चुकते झाल्याचे पाहून वर्षभराने काढून टाकावीत. ए.टी.एम.च्या चिठ्ठ्या खात्याशी ताडून पाहिल्या की संपल्या. दुकानातील यंत्रातून निघणाऱ्या गुळगुळीत पावत्यांची शाई काही महिन्यांत उडते. तेव्हा फ्रीज किंवा मिक्सरची पावती तशा कागदावर असेल तर लगेच झेरॉक्स काढून हमीपत्राला जोडा. नाही तर यंत्र बिघडेल तेव्हा हातात कोरा कागद राहील!

‘राहू दे गं, यांच्या हातचं आहे’

कागद आवरताना खरी अडचण बिलांची नसते, ती पत्रांची असते. गावचे घर बंद करून मुलाकडे आलेल्या सासूबाई सोबत एक ट्रंक आणतात. तीत आंतर्देशीय पत्रे, मनीऑर्डरच्या पावत्या, पत्रिका, हिशेबाच्या वह्या असतात. दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये ती ट्रंक सुनेला जागा अडवणारी वाटते. सासूबाई मात्र म्हणतात, ‘‘राहू दे गं, यांच्या हातचं आहे.’’ आणि मग घरात अबोला!

दोघींचेही चुकत नाही. जागा लहान आहे हे खरे, आणि त्या पत्रांत एक माणूस शिल्लक आहे हेही खरे. ट्रंक त्यांच्यामागे परस्पर उपसू नका. दुपारच्या वेळी दोघींनी मिळून बसावे. सासूबाईंनी एकेक पत्र वाचावे, कोण कोणाचे ते सांगावे. सुनेने किंवा नातवंडाने पत्राच्या मागे पेन्सिलीने नाव आणि साल लिहावे. ‘चि. बाळ’ म्हणजे कोण आणि ‘ताईकडील मंडळी’ म्हणजे कुठली, हे सांगणारे माणूस आज घरात आहे. उद्या ते नसेल तर तीच पत्रे मुक्या कागदांचा गठ्ठा होतील. वाचता वाचता त्या स्वतःच म्हणतात, ‘‘हे नको, हे फाड.’’ ज्यात कुणाचे मन दुखावेल, घरातील जुनी भांडणे आहेत, ती पत्रे टाकण्याचा निर्णयही त्यांचाच असू द्या. उरतील ती एका पेटीत सहज मावतात.

जुन्या कागदांचे मोल काय असते, हे पाहायला चेन्नईहून फार दूर जायला नको. तंजावरला व्यंकोजीराजांपासून मराठ्यांचे राज्य होते. सरफोजीराजांनी (दुसरे) वाढवलेल्या तिथल्या सरस्वती महाल ग्रंथालयात संस्कृत, तमीळ, मराठी हस्तलिखितांबरोबर मोडी कागदांचे गठ्ठेच्या गठ्ठे आहेत. त्यांत मोठमोठ्या राजकारणाबरोबर देणग्या, पगार आणि सामानाच्या खर्चाचे रोजचे हिशेबही आहेत. त्या काळच्या कारकुनाला ते साधे हिशेब वाटले असतील. आज अभ्यासक त्यांतून त्या काळचे जगणे वाचतात. अर्थात प्रत्येक घराचे सरस्वती महाल करता येत नाही. पण आजीच्या हातची लोणच्याच्या प्रमाणाची वही, आजोबांचे पहिल्या पगाराचे पत्र आणि घर बांधतानाचा हिशेब एवढे तरी पुढच्या पिढीसाठी राहायला हवे.

रद्दी देताना

चेन्नईत गल्लोगल्ली ‘पळैय पेपर’ची, म्हणजे जुन्या कागदाची दुकाने आहेत. आपल्याकडचा रद्दीवालाच तो. वर्तमानपत्रे, मासिके, वह्या त्याला खुशाल द्या. पण आधार किंवा पॅनची झेरॉक्स, बँकेचे उतारे, कोऱ्या धनादेशांची पुस्तके, सहीचे अर्ज, औषधांच्या चिठ्ठ्या त्यांत जाऊ देऊ नका. उद्या त्याच कागदाच्या पुडीत कुणी शेंगदाणे बांधून देईल! नाव, क्रमांक आणि सही असलेला भाग बारीक फाडा, किंवा कागद रात्रभर बादलीत भिजवून त्यांचा लगदा करा. आधारची प्रत देणे भाग असेल तिथे पहिले आठ अंक झाकलेली प्रत चालते का, ते विचारा.

दप्तर कसे असावे?

पहिल्या दोन गटांतील कागद एका पाणी न शिरणाऱ्या, चेनच्या पिशवीत ठेवा. एका हाताने उचलता येईल एवढीच ती असावी. तिची जागा पलंगाखाली नको, कपाटाच्या वरच्या कप्प्यात हवी. तळमजल्यावर राहणाऱ्यांनी तर हे विशेष लक्षात ठेवावे. मूळ कागद लॅमिनेट करू नका. शिक्का आणि सही तपासणे अवघड होते आणि पुढे तो कागद सोडवता येत नाही.

पिशवीत एका पानावर यादी लिहा. खाते कुठे, पॉलिसीचा क्रमांक काय, खरेदीखताचा नोंदणी क्रमांक, वारस म्हणून कुणाचे नाव लावले आहे. या यादीची एक प्रत दुसऱ्या गावी राहणाऱ्या बहिणीकडे किंवा भावाकडे द्या. घरातील सर्व व्यवहार एकच माणूस पाहत असेल, तर निदान ही पिशवी कुठे असते ते दोघांना ठाऊक हवे. नवऱ्याच्या पश्चात बँकेच्या खिडकीशी गोंधळून उभ्या राहणाऱ्या बाईचे अर्धे दुःख या एका पानाने वाचते.

वेलचेरीत पूर आला त्याच वर्षी, जुलै २०१५ मध्ये, सरकारने ‘डिजिलॉकर’ ही सोय सुरू केली. त्यात संबंधित खात्याकडून थेट मिळालेले वाहन परवाना, गुणपत्रिका यांसारखे कागद मूळ प्रतीसारखेच ग्राह्य धरले जातात. आपण स्वतः फोटो काढून त्यात ठेवलेल्या कागदांना मात्र तो दर्जा नसतो. तरीही फोटो काढून ठेवाच. दुय्यम प्रत मागताना तो उपयोगी पडतो.

इतके करूनही कागद भिजलेच तर घाई करू नका. चिकटलेली पाने ओढू नका, इस्त्री फिरवू नका, कडक उन्हात घालू नका. चिखल असेल तर स्वच्छ पाण्याने हलकेच धुवा. सावलीत, पंख्याखाली, टीपकागदावर किंवा सुती कापडावर पसरा. दोन दिवसांत वाळले नाहीत तर बुरशी धरते. कागद पुष्कळ असतील तर थोडे थोडे करून प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवा, आणि सवडीने एकेक गठ्ठा काढून वाळवा. थंडीत बुरशी वाढत नाही.

दसरा ते भोगी

वर्षातून एकदा दप्तर उघडायला मुहूर्त हवाच असेल तर तो आपल्या सणांनीच दिला आहे. चेन्नईचा मोठा पाऊस ईशान्य मोसमी वाऱ्यांचा. तो ऑक्टोबरच्या उत्तरार्धात सुरू होतो आणि डिसेंबरपर्यंत चालतो. त्याच्या तोंडावरच दसरा येतो. तामिळ घरांत सरस्वतीपूजेला पुस्तके मांडतात, आपल्याकडे पाटीपूजन होते. त्या दिवशी दप्तरही काढावे, यादी ताडून पाहावी, नवे कागद घालावेत आणि कोरड्या पिशवीत पुन्हा बंद करावे. पाऊस येईल तेव्हा घर तयार असेल.

आणि संक्रांतीच्या आदल्या दिवशी भोगी. आपल्या घरात त्या दिवशी मिसळीची भाजी आणि तिळाची भाकरी. शेजारच्या तामिळ घरापुढे पहाटेच जुन्या-पान्याची होळी पेटते, मुले छोटे ढोल वाजवतात. जुने जाऊन नवे यावे, हा त्यामागचा भाव. तो भाव घ्यावा, धूर मात्र घेऊ नये. ‘नंतर बघू’ म्हणून ठेवलेला ढीग त्या सकाळी चटईवर ओतावा, आणि चहा गार व्हायच्या आत प्रत्येक कागदाला त्याची वाट दाखवावी. फाडायचा, तारेला लावायचा की दप्तरात बांधायचा. चौथी वाट नाही!